नवशिक्या प्रौढांना इंग्रजीतून सूचना 'द्यायला' कसं शिकवायचं?

खडूफळा
प्रौढांचा प्राथमिक इंग्रजी वर्ग आहे. १४ जण. अक्षरं ओळखतात, वाक्य जुळवता येत नाही. मी 'ओपन युवर बुक', 'क्लोज द डोअर' म्हटलं की बिनचूक करतात. तीच सूचना शेजाऱ्याला द्या म्हटलं की 'बुक... ओपन' इथे गाडी अडते, नाहीतर फळ्यावरचं वाचून दाखवतात. पाठ करून घेतलं तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. एका तासाला किती सूचना घ्याव्यात आणि क्रम काय ठेवावा?

मागचा_बाक
सहा क्रियापदं आणि पाच वस्तू, एवढंच. क्रियापदं जोड्या जमणारी निवडा. 'ओपन' पुस्तक, बॅग, दार, खिडकी सगळ्यांना चालतं. 'सिट डाउन' सोपं आहे, पण त्यातून पुढचं वाक्य निघत नाही.

क्रम असा: आधी तुम्ही बोला आणि करून दाखवा. मग तुम्ही बोला, त्यांनी करायचं. मग तुम्ही न बोलता फक्त कृती करा आणि वाक्य त्यांच्याकडून काढा. ही पायरी बहुतेक वर्गांत गाळली जाते आणि तुमची गाडी अडते ती नेमकी इथेच. त्यानंतर एकाने सूचना द्यायची आणि पाळायची तुम्ही. दोघादोघांच्या जोड्या सगळ्यात शेवटी.

सूचना पाळताना शब्दशः पाळा, समजून घेऊ नका. कोणी 'पुट द पेन बॅग' म्हणालं, तर पेन हातात धरून बॅगेपाशी थांबा. आत? वर? खाली? तोंडातून अक्षर काढू नका. चार-पाच सेकंदांत समोरून 'इन... इन द बॅग' येतं. तुम्ही लगेच दुरुस्त केलंत तर तो 'इन' तुमचाच राहतो, त्यांचा होत नाही.

उलटसुलट
वरच्या क्रमाशी सहमत. 'बुक ओपन' का येतं तेही बघा. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून 'पुस्तक उघडा'. तीन बोटं वापरा: पहिलं बोट काय करायचं, दुसरं कशाचं, तिसरं कुठे. 'पुट – द पेन – इन द बॅग'. पहिलं बोट वर आलं की क्रियापद आलंच पाहिजे. तिसऱ्या बोटावर जास्त वेळ घालवा, कारण 'बॅगेत' मधला '-त' आपण मागे जोडतो आणि 'इन' पुढे येतो.

'लावा'पासून सावध. दार लावा, दिवा लावा: आपल्याकडे एकच शब्द, तिकडे एकदा 'क्लोज' आणि एकदा 'टर्न ऑन'. हे दोन एकाच तासाला घेऊ नका. नकारासाठी 'डोन्ट' अखंड शब्द म्हणून द्या, फोड नको.

आणखी एक, हे प्रौढांच्याच वर्गात जाणवतं. 'उघड' आणि 'उघडा' हा फरक 'ओपन'मध्ये नाही. वयाने मोठ्या माणसाला नुसतं 'ओपन' म्हणताना जीभ अडखळते, मग आवाज पडतो आणि पुढचं वाक्यच येत नाही. पहिल्या दिवसापासून 'प्लीज' द्या.

खडूफळा
'प्लीज'चं डोक्यात आलंच नव्हतं. जोड्यांत मात्र सगळे हातवाऱ्यांवर निभावतात. काय करू? 'सायमन सेज' (एकजण सूचना देतो, बाकीच्यांनी 'सायमन सेज' म्हटलं तरच पाळायची, तो खेळ) घ्यावं का?

मागचा_बाक
'सायमन सेज' नको. चुकणारा बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त त्यालाच तो कमी मिळतो. शिवाय त्यात बोलतो एकटाच.

पाठीला पाठ लावून बसवा, हातवारे आपोआप संपतात. सूचना देणाऱ्याकडे पत्त्याएवढी ४ चित्रकार्डं, त्यावर एकही शब्द नको. लिहिलेलं असलं की वाचन सुरू होतं. ऐकणाऱ्याकडे पुस्तक, पेन, बॅग. २ मिनिटांनी अदलाबदल. ऐकणाऱ्याला 'अगेन, प्लीज' आणि 'विच पेज?' ही दोन वाक्यं आधी द्या, नाहीतर तो मराठीतच विचारणार.

एका कार्डावर पान १३ आणि एकावर ३० जरूर ठेवा. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा गोंधळ उघडलेल्या पानावरच दिसतो. 'थर्टीन'मध्ये जोर शेवटच्या 'टीन'वर आणि तो लांबवायचा. 'थर्टी'त जोर सुरुवातीला. तरी जमलं नाही तर 'वन थ्री' म्हणू द्या.

उलटसुलट
दोन-तीन हुशार मंडळी मध्येच दुसऱ्यांच्या चुका काढू लागतील. त्यांना कागद द्या आणि ऐकलेल्या सूचना टिपायला बसवा. शेवटच्या ५ मिनिटांत त्यातल्या दोनच चुका फळ्यावर घ्या, नावं न घेता. वहीत देवनागरीत उच्चार लिहून घेत असतील तर घेऊ द्या. फक्त जोडीत बसताना वही बॅगेत. ती ठेवायला लावणारी सूचनाही त्यांच्यापैकीच कोणीतरी द्यावी.