पोस्टस्क्रिप्टमधून ट्रे बदलला की मजकूर कोपऱ्यात जातो – मदत हवी आहे

पतसंस्थेच्या खातेउताऱ्यांचं काम आहे. वरच्या ट्रेमध्ये लेटरहेड, खालच्यात कोरा ए-४. प्रत्येक उताऱ्याचं पहिलं पान लेटरहेडवर, पुढची कोऱ्यावर हवीत. पोस्टस्क्रिप्ट (पानावर काय कुठे छापायचं हे प्रिंटरला सांगणारी भाषा) आमचाच पायथन प्रोग्राम लिहितो आणि फाइल थेट प्रिंटरला जाते, मध्ये ड्रायव्हर नाही.

पीपीडी फाइलमध्ये (प्रिंटरच्या सोयी आणि त्यांच्या आज्ञा सांगणारी फाइल) 'इनपुटस्लॉट'च्या, म्हणजे ट्रे निवडायच्या ओळी पाहिल्या. खालच्या ट्रेपुढे 'मीडियापोझिशन १' (ट्रेचा आकडा) आणि 'सेटपेजडिव्हाइस' (प्रिंटरची सेटिंग बदलणारी आज्ञा) आहे. तोच तुकडा दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला, 'सेव्ह'नंतर घातला ('सेव्ह' त्या वेळची स्थिती जपतं, 'रिस्टोअर' ती परत आणतं). ट्रे बदलतो! पण त्या पानावरचा मजकूर आक्रसून खाली डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिसरं पान पुन्हा लेटरहेडवर. मापं मिलिमीटरमध्ये लिहिता यावीत म्हणून फाइलच्या सुरुवातीला एकदाच 'स्केल' दिलंय, आणि प्रत्येक पान 'सेव्ह'-'रिस्टोअर'मध्ये आहे. 'स्टेटसडिक्ट'मधलं जुनं 'सेटपेपरट्रे' वापरून पाहिलं, तर नुसती एरर. लेटरहेड महाग पडतं हो, प्रयोगात किती घालवणार?

प्रतिसाद १
ट्रेचा आकडा बरोबर आहे, त्याला हात लावू नका. सेटपेजडिव्हाइस चाललं की पान पुसलं जातं आणि 'इनिटग्राफिक्स' होतं, म्हणजे मापांची सेटिंग मूळपदावर येते आणि तुमचं स्केल गेलं. मग १ मिमीचा १ पॉइंट होतो. इंचात २५.४ मिमी आणि ७२ पॉइंट, म्हणून सगळं २.८३ पट लहान. आणि ट्रेची निवड ग्राफिक्स स्टेटमध्येच (सेव्ह जपतं त्या सेटिंगमध्येच) राहते, त्यामुळे रिस्टोअर झालं की आधीचा ट्रे परत. क्रम असा ठेवा: ट्रे, सेव्ह, स्केल, मजकूर, 'शोपेज' (पान छापायची आज्ञा), रिस्टोअर. नव्या खात्याच्या पहिल्या पानाला वरचा ट्रे पुन्हा मागायचा. सेटपेपरट्रे लेव्हल १ च्या, म्हणजे पोस्टस्क्रिप्टच्या पहिल्या आवृत्तीच्या काळातलं, प्रिंटरगणिक वेगळं. ते सोडून द्या.

दोन्ही बाजूंनी छापत असाल तर ट्रे बदलताच नवा कागद सुरू होतो, लेटरहेडची मागची बाजू कोरी राहते.

धागाकर्ता
चाललं, आभार! मागची बाजू कोरीच हवी आहे. आता शाखेतल्या प्रिंटरच्या पीपीडीत खालच्या ट्रेला ० आहे. दोन वेगळ्या फाइली काढायच्या का?

प्रतिसाद १
नको. मीडियापोझिशनऐवजी 'मीडियाटाइप' (कागदाचा प्रकार) मागा. दोन्ही प्रिंटरच्या पॅनलवर वरच्या ट्रेचा कागद लेटरहेड आणि खालच्याचा प्लेन असा लावून ठेवा. फक्त नाव पीपीडीत आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. आधी कोऱ्या कागदांवर, वरच्या गठ्ठ्याला पेन्सिलीची खूण करून तपासा.