लाइम रीजिसची माणसं: मेरी ॲनिंग राहिली

लाइम रीजिस या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावाशी कोणती नामवंत माणसं जोडलेली आहेत, या चर्चेत आतापर्यंत फक्त लेखकांची नावं आली आहेत. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग सुटायला नको, माझ्या मते या गावाचं सर्वांत मोठं नाव तिचंच. जन्म १७९९ चा, वडील सुतार. ते १८१० मध्ये वारले आणि कर्ज मागे राहिलं. पावसाळी थंडीत कडे ढासळले की उघडे पडणारे जीवाश्म वेचून विकायचे, यावर घर चालायचं. भावाला इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, उरलेला सांगाडा तिने शोधला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. तो इतका विचित्र होता की क्युव्हिएसारख्या नावाजलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञालाही आधी तो बनावट वाटला! शोध तिचे, शोधनिबंध मात्र पुरुषांच्या नावावर. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने (भूशास्त्रज्ञांच्या संस्थेने) स्त्रियांना सभासदत्व दिलं ते १९१९ मध्ये, ती गेली १८४७ लाच. याची मला खरंच चीड येते. गावात तिचा पुतळा उभा राहिला २०२२ मध्ये, तोही एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेमुळे.

थॉमस कोरमही इथलाच. लंडनमध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी त्याने फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं, १७३९ मध्ये.