जास्वंदीवर पांढरे किडे, खिडकीत काळसर भुंगेरे: फवारू का?

परसातली (डिचोली):
मंडळी, अंगणातल्या लाल जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागलाय. कळ्यांच्या देठाशी नुसता कापूस. चवथ तीन आठवड्यांवर आली, बाप्पाला फुलं याच झाडाची जातात. त्यात आता त्या कापसात जवळजवळ अर्ध्या इंचाचे झिपरे पांढरे किडे फिरताना दिसतायत. शिवाय बाल्कांवाच्या (पुढच्या ओसरीच्या) खिडकीच्या काचेवर बारके काळसर भुंगेरे, डोकं नारिंगी. दुकानदाराने एक बाटली दिलीय, 'सगळं मरेल' म्हणाला. मारू का? हे भुंगेरे तांदळाला लागतील का?

कुळागरवाला (फोंडा):
ताई, बाटली उघडू नका! झिपऱ्या किड्याला आधी काडीने डिवचा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हा तुरुतुरु पळाला तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी, पिठ्या ढेकणं खाणारी. अंगावर मेण ढेकणासारखंच, म्हणून फसायला होतं. मीही एकदा साबणपाणी मारून आपलेच शिपाई मारलेत. काचेवरचे तिचेच प्रौढ, उजेडाला येतात. तांदळाला, कपड्यांना काही करत नाहीत. कागदावर घेऊन झाडावर सोडा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणला, पण इथे रमला तो पिठ्या ढेकणावरच.

परसातली:
डिवचलं. पळाला की हो! पण बुंध्यावर मुंग्यांची रांगही आहे.

म्हापसेकरीण:
खरा घोळ तोच. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा. भिंतीला टेकलेली फांदी मात्र कापा, नाहीतर मुंग्यांना तो पूलच. आणि खरं सांगू, चवथीपर्यंत झाड लख्ख होणार नाही. फार माखलेले शेंडे छाटून टाका.

कुळागरवाला:
छाटण्याआधी अळ्या मऊ ब्रशने उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवा हां. तरी शंका असेल तर ओल्ड गोव्याला एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे, डहाळी डबीत घालून दाखवा.

परसातली:
पट्टी बांधली, चार शेंडे छाटले. आठ कळ्या स्वच्छ आहेत. दुकानदार बाटली काही परत घेईना.