शेवटी 'स' दिसला म्हणून अनेकवचन नव्हे

स्पॅनिशमध्ये यंत्राच्या नावाच्या शेवटी -दोरा असेल तर ते स्त्रीलिंगी, हा नियम पटतो: ला तोस्तादोरा (टोस्टर), ला बातिदोरा (मिक्सर). नामाआधीचं 'ला' स्त्रीलिंगी, 'एल' पुल्लिंगी एकवचनी, तर 'लोस' पुल्लिंगी अनेकवचनी. पण नवशिक्यांची गाडी अडते ती डिशवॉशरवर. 'एल लाबाबाहियास' म्हणजे लाबा (धुतो) अधिक बाहियास (ताटवाट्या). क्रियापद आणि नाम जोडून झालेला असा शब्द पुल्लिंगी असतो आणि 'स' असूनही एकवचनी. अनेक यंत्रं असली तरी शब्द तोच राहतो, बदलतो फक्त 'एल'चा 'लोस'. मायक्रोवेव्हचा 'एल मिक्रोओन्दास' घडला वेगळ्या रीतीने, पण वागतो तसाच. म्हणून शब्द नेहमी एल-ला सकट पाठ करा.

आणि 'लिक्वादोरा' जपून वापरा! लॅटिन अमेरिकेत तो मिक्सर, स्पेनमध्ये मात्र फळांचा रस काढायचं यंत्र. तिथे मिक्सर हवा असेल तर 'बातिदोरा दे बासो' म्हणा.