टिंपॅनम : कानातलं आणि कमानीतलं

कानाच्या पडद्याला आणि चर्चच्या दारावरच्या कोरीव अर्धवर्तुळाला टिंपॅनम हे एकच नाव कसं, असा प्रश्न पडू शकतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डफासारखं चर्मवाद्य. कानात साम्य लगेच पटतं : जेमतेम ०.१ मिमी जाडीचा, सेंटिमीटरभर रुंद पडदा, कडेने ताणलेला. (काटेकोरपणे टिंपॅनम म्हणजे पडद्यामागची पोकळी, म्हणजे अख्खा ढोलच.) वास्तुकलेत हा शब्द फार जुना. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस देवळाच्या दर्शनी त्रिकोणाच्या आतल्या भागाला तो वापरतो. तिथेही चौकटीत बसवलेला पृष्ठभागच, फक्त दगडी. पुढे कमानींबरोबर तो अर्धगोल झाला.

फ्रान्समधल्या ओतँच्या कॅथेड्रलचं टिंपॅनम जरूर बघा, साधारण ११३० चं. विषय अंतिम न्यायाचा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटी होणाऱ्या पाप-पुण्याच्या निवाड्याचा. खालच्या पट्टीत दोन अवाढव्य हात एका पापी जिवाची मुंडी पकडून त्याला वर उचलतायत, त्याचं तोंड भीतीने वासलेलं. १७६६ मध्ये तिथल्याच धर्मगुरूंनी हे शिल्प ओबडधोबड ठरवून गिलाव्याखाली गाडलं, पुढे आलेलं ख्रिस्ताचं डोकंही काढलं. त्या गिलाव्यामुळेच ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोडफोडीतून वाचलं, १८३७ मध्ये पुन्हा उघडं झालं. डोकं मात्र १९४८ मध्ये परत बसलं.