नहानी नदी, व्हर्जिनिया फॉल्सपासून खाली राफ्टने: ११ वर्षांची लेक आणि ६८ वर्षांचे बाबा सोबत न्यावेत का?

काठावरची:
नमस्कार मंडळी, आम्ही एडमंटनला असतो आणि पुढच्या जुलैत कॅनडाच्या उत्तरेकडची साउथ नहानी नदी करायचं मनात आहे. मी, नवरा, मुलगा १५, मुलगी ११ आणि माझे बाबा ६८. फोर्ट सिम्पसन गावाहून फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) व्हर्जिनिया फॉल्स धबधब्याच्या वरच्या अंगाला उतरायचं, तिथून आठ दिवस राफ्टने नहानी बट गावापर्यंत खाली यायचं, गाईड बरोबर असणार. कंपनीवाले म्हणतात पोरं चालतील, आधीचा अनुभव नसला तरी चालतं. पण नकाशा उघडून बसले की पोटात गोळा येतो, मध्ये रस्ता नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही. मुलगी स्विमिंग पूलमध्ये छान पोहते पण नदीत कधी उतरलेली नाही. बाबा रोज पाच किलोमीटर चालतात, बीपीची गोळी चालू आहे आणि डावा गुडघा उतारावर कुरकुरतो. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच कुठे जायचं म्हणून स्वतः तोंडातून नाव काढलंय, त्यामुळे त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतंय. ज्यांनी घरच्यांना घेऊन ही किंवा अशी नदी केलीय त्यांनी खरं खरं सांगा, मला नुसतं "जा जा मजा येईल" नकोय.

वल्हेकरी:
आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच टप्पा केला, पोरं तेव्हा १० आणि १३ची होती, गाईडेड राफ्टच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रॅपिड्सचं, म्हणजे खवळत्या पाण्याच्या टप्प्यांचं बोलू कारण सगळे त्यालाच घाबरतात. धबधब्याखाली लगेच चौथी कॅन्यन (खोल दरी, आकडे खालून वर मोजतात) लागते, तिथे लाटा बऱ्यापैकी आहेत, पुढे फिगर एट नावाच्या रॅपिडला पाणी सरळ भिंतीवर जाऊन आपटतं आणि दोन्ही बाजूंना मोठे भोवरे होतात, शेवटी पहिल्या कॅन्यनच्या आसपास जॉर्जेस रिफल आणि लॅफर्टीज रिफल (रिफल म्हणजे उथळ, लाटांचा टप्पा). कनूवाल्यांना (कनू म्हणजे अरुंद, उघडी होडी) इथे घाम फुटतो. मोठ्या राफ्टला, वल्ह्यावर जाणता गाईड असेल तर, यातलं काहीच फार भयंकर नाही. पोरं ओरडतात, भिजतात आणि परत कधी म्हणून विचारतात.

खरी भीती गारठ्याची, आणि तो आम्हाला लाटांत नाही, सपाट पाण्यात गाठला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं म्हणून धाकट्याने ड्रायसूटच्या (पाणी आत न येऊ देणारा अंगभर सूट) आत कॉटनची हुडी घातली, आणि आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही. दुपारी ढग आले, समोरून वारा सुटला, गळ्याशी सूट नीट बसला नव्हता तिथून पाणी आत झिरपत होतं. पोरगं तासभर गप्प बसलं होतं आणि आम्हाला वाटलं डोंगर बघतोय. मी चॉकलेट पुढे केलं तर त्याला कागद फाडता येईना, बोटं नुसती कागदावरून घसरत होती. गाईडने ते बघितलं आणि काही न बोलता राफ्ट सरळ काठाला घेतली, ओले कपडे काढले, लोकरीचे चढवले, स्लीपिंग बॅगमध्ये घालून गरम गोड पाणी पाजलं. अर्ध्या तासात बडबड सुरू झाली. तेव्हापासून आमचा नियम, दर तासाला प्रत्येक पोराने अंगठा करंगळीला लावून दाखवायचा, नाही लागला की थांबायचं. कॉटन बॅगेत भरूच नका, विमानतळावर घालायलासुद्धा नको, कारण बॅगेत असलं की ते अंगावर येतंच.

थंड पाण्याचं १-१०-१ हे सूत्र घरी सगळ्यांकडून पाठ करून घ्या. पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास आवरायचा, धाप लागते तेव्हा काहीही करायला जायचं नाही, फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात दोरी पकडायची नाहीतर राफ्टवर चढायचं. शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे माणूस लगेच गोठत नाही, घाबरून पाणी नाकातोंडात जातं ते जास्त वाईट, आणि लाईफजॅकेट अंगात असेल तरच या सगळ्याला अर्थ. लेकीला सांगा वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच नाही, पाय दगडात अडकतो आणि पाणी वरून दाबतं. पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्यावर. तिचं लाईफजॅकेट खांद्याला धरून वर उचलून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते तिचं नाही.

आता बाबांचं. त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड दिवस पहिलाच आहे, आणि तोही जमिनीवरचा. विमान धबधब्याच्या वर उतरतं आणि राफ्ट खालून निघते, म्हणजे सगळं सामान सव्वा किलोमीटरच्या आसपास पायवाटेने खाली न्यायचं. वरचा भाग फळ्यांचा आहे, सोपा, पण शेवटी वळणावळणाचा तीव्र उतार आहे आणि पावसात तो निसरडा होतो. जड सामान गाईड नेतात, गुडघा मात्र ज्याचा त्यालाच न्यावा लागतो. दोन काठ्या द्या, त्यांच्या पाठीवर पाण्याच्या बाटलीपलीकडे काही देऊ नका, आणि धबधब्यापाशी दोन रात्री असलेली ट्रीप निवडा म्हणजे ते एकदा रिकाम्या हाताने उतरून बघू शकतील. तो धबधबा ९० मीटरच्या वर आहे, नायगाराच्या जवळजवळ दुप्पट, आणि ऐन मध्ये एक प्रचंड सुळका पाण्याला दुभागून उभा आहे. रात्री तंबूत झोपलं की त्याची घरघर पाठीखालच्या जमिनीतून जाणवते. इथले मूळ रहिवासी डेने लोक त्याला नाईलींचो म्हणतात, हा मुलुख त्यांचाच, हे पोरांना जायच्या आधी सांगाच.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. खालच्या कॅन्यनमध्ये सगळ्यांनी बोलणं थांबवलं आणि वल्ही वर उचलली की राफ्टच्या तळातून बारीक फस्स असा सतत आवाज येतो. गाळाचे कण रबराला घासत जातात त्याचा. माझा मोठा मुलगा तळाला कान लावून किती वेळ पडून होता. दोन्हीकडे हजार मीटरच्या आसपास कडे आणि तेवढाच आवाज.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, उत्तरेकडे काम केलंय, फक्त औषधांपुरतं बोलते. बाबांच्या गोळ्यांचे दोन पूर्ण सेट करा, दोन वेगळ्या वॉटरप्रूफ पिशव्यांत, दोन वेगळ्या राफ्टवर. जेवढे दिवस ट्रीप त्याच्यापेक्षा पाच दिवस जास्तीच्या. डॉक्टरांना भेटताना "राफ्टिंगला जातोय" एवढंच सांगू नका, "थंड पाणी आणि मदत यायला कदाचित एक दिवसाच्या वर" असं सांगा, म्हणजे ते वेगळ्या नजरेने बघतील, काही बीपीच्या गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येते आणि ओल्या दगडांवर ते चांगलं नाही. फोर्ट सिम्पसनला हेल्थ सेंटर आहे, मोठं हॉस्पिटल थेट यलोनाइफला. गाईडकडे सॅटेलाइट फोन असतोच तरी तुमचा स्वतःचा सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) घ्या. पण एक लक्षात ठेवा, मेसेज गेला म्हणजे हेलिकॉप्टर आलं असं नाही. ढग खाली असले, वणव्याचा धूर असला की काही उडत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये आगीमुळे अख्खं यलोनाइफ रिकामं करावं लागलं होतं, आठवत असेल. परतीचं तिकीट ट्रीप संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, निदान दोन दिवस हातात ठेवा.

एकटा कनू:
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मुलीला बिनधास्त न्या, बाबांबद्दल मला शंका आहे. पडायची नाही, थकव्याची. राफ्टला सगळ्यात जास्त छळतो तो समोरचा वारा, डेडमेन व्हॅलीसारख्या उघड्या जागी आणि शेवटी स्प्लिट्समध्ये नदी फाटे फुटून पसरते तिथे. फुगलेली राफ्ट म्हणजे शीडच, पाणी खाली ओढतं आणि वारा वर ढकलतो. असे दिवस लांबतात, तंबू लावायला रात्रीचे नऊ, जुलैत उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही, आणि त्यात डास. १५ वर्षांचं पोरगं झोपून उठलं की ताजं होतं, ६८व्या वर्षी तिसऱ्या दिवसापासून शीण साठत जातो. फोर्ट सिम्पसनहून फ्लोटप्लेनने धबधबा बघून त्याच दिवशी परतही येता येतं. त्यांना ते दाखवा, नदी तुम्ही करा.

अजून दोन गोष्टी. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) प्रवासी विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही, तिकडे पोचल्यावर घ्या नाहीतर कंपनीकडून मिळेल का ते विचारा. काळी अस्वलं आणि ग्रिझली दोन्ही आहेत, तंबूत टूथपेस्टसुद्धा नको, पोरांच्या खिशातली गोळ्या-चॉकलेटं झोपायच्या आधी रोज तपासा. आणि कुणी तुम्हाला याऐवजी टाटशेनशिनी नदी सुचवली तर ती पहिली नदी म्हणून नको, हिमनद्यांचं पाणी आहे, शेवटाकडे अल्सेक लेकमध्ये हिमनग तरंगत असतात. सुंदर आहे, पण पोरं दोन वर्षं मोठी होऊ द्या.

वल्हेकरी:
वाऱ्याचं अगदी खरं आहे. पण एकदम नाही म्हणू नका. माझी आई तेव्हा ६६ची होती आणि ती आली होती, वर लिहायचं राहिलं. कंपनीला विचारा की आठ दिवसांत प्रत्यक्ष नदीवरचे किती आणि थांबायचे किती. आमच्या ट्रीपमध्ये दोन दिवस नुसते मुक्कामाचे होते, तेवढ्यावर तिचं निभावलं. शेवटी क्राऊस हॉटस्प्रिंग्स आहे, काठालाच गंधकाच्या वासाचं कोमट पाणी, आई तिथे गुडघ्यापर्यंत बसली ती उठेचना. आणि हो, राफ्ट रात्री बांधताना पोरांनाही दोरी ओढून बघायला सांगा, वर डोंगरात पाऊस झाला की इथे आकाश स्वच्छ असताना पाणी चढतं. आम्ही काठावर खुणेचा दगड ठेवायचो, सकाळी तो बुडालेला दिसला की पोरांचे डोळे मोठे व्हायचे.

काठावरची:
सगळ्यांचे मनापासून आभार, तिन्ही उत्तरं बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. एकटा कनू, तुमचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आधी उतार उतरून बघू. घराजवळ नदीच्या दरीत उतरायच्या लांब लाकडी पायऱ्या आहेत, तिथे उद्यापासून रोज दोन काठ्या घेऊन मी आणि ते. एप्रिलपर्यंत गुडघ्याने साथ दिली तर पाच जणांचं बुकिंग, नाहीतर त्यांना विमानाने धबधबा, आणि मी त्यांच्याबरोबर परत येईन, पोरं नवऱ्याबरोबर खाली जातील. कंपनीला आज मेल टाकला, मुक्कामाचे दिवस किती आणि धबधब्यापाशी रात्री किती. लेक संध्याकाळपासून अंगठा करंगळीला लावत फिरतेय.

वल्हेकरी, एकच राहिलं, तुमच्या आईंनी ड्रायसूट घातला होता की नुसता रेनकोट? बाबांच्या मापाचा भाड्याने मिळेल ना?

वल्हेकरी:
ड्रायसूटच, कंपनीचाच होता. गळ्याचं रबर म्हाताऱ्या माणसांना घट्ट वाटतं, जीव घुसमटतो म्हणून आई पहिल्या दिवशी काढायला निघाली होती. बुकिंग करतानाच मानेचं माप कळवा, आणि फोर्ट सिम्पसनला पोचल्यावर विमानात बसायच्या आधी अर्धा तास घालून बसायला लावा.