जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत कोणते सेल घालायचे?

अनिकेत: नमस्कार मंडळी. जुना लॅपटॉप चार्जर काढला की लगेच मान टाकतो. बॅटरी उघडली तर आत सहा गोल सेल निघाले. ऑनलाइन ९९०० एमएएच क्षमतेचे मिळतायत. मागवू का?

शिरीष काका: अजिबात नको! १८६५० सेल आहेत ते, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. एवढ्याशा डबीत ३५०० च्या आसपास गाडी थांबते. ९९०० फक्त वेष्टनावर. वजन करून बघ, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बनावट बरेचदा हाताला हलका लागतो.

अनिकेत: आणि ‘प्रोटेक्टेड’ लिहिलेले?

शिरीष काका: ते टॉर्चला ठीक. बुडाशी सर्किटची चकती असते, तेवढ्याने लांबी वाढते आणि पॅकचं झाकण बसत नाही. लॅपटॉपच्या पॅकात सेल सांभाळणारा सर्किट बोर्ड असतोच.

अनिकेत: ओके. ३.७ व्होल्ट जुळले की झालं ना?

शिरीष काका: नाही रे बाबा. फुल चार्जला किती व्होल्ट, ते बघ. बहुतेक ४.२ चे असतात, काही ४.३५ चे. बोर्ड ४.३५ पर्यंत चढवणारा असला आणि तू ४.२ चे घातलेस, तर दर वेळी ओव्हरचार्ज. ३.२ व्होल्टवाल्या आयर्न फॉस्फेट सेलच्या (तो लिथियमचा वेगळा प्रकार) वाटेला तर जाऊच नकोस. आणि सहाच्या सहा नवे, एकाच लॉटचे. दोन जुने ‘अजून चालतायत’ म्हणून ठेवलेस तर ते आधी रिकामे होणार आणि बोर्ड तिथेच पॅक बंद करणार.

रश्मी: आमच्याकडे सोल्डरिंग गन आहे, हवी तर घेऊन जा 😄

शिरीष काका: रश्मी, नको गं! सेलला थेट डाग दिला की उष्णता आत जाते. निकेलची पट्टी, तीही स्पॉट वेल्डिंगने.

मेघनाताई: अजून एक. सेल सुटले की बोर्डवरची चिप कधी कधी लॉक होते. मग सेल कोरे करकरीत असले तरी पॅक चार्जच घेत नाही.

शिरीष काका: म्हणून तर म्हणतो, तयार पॅक मिळत असेल तर तोच घे. पार्ट नंबर जुळव. १०.८ व्होल्टच्या जागी ११.१ लिहिलेलं चालतं, १४.४ नाही.

मेघनाताई: आणि उघडलेले सेल कचऱ्याच्या बादलीत नकोत. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

अनिकेत: लेबल सापडलं, पण शेवटची दोन अक्षरं पुसलीत. फोटो टाकतो, काका बघता का?